नव्वद चिंचोके आणि एक कपाट

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायावर रूळ पडला तेव्हा मी तिसरीत होते. ते रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलायचं काम करायचे. उजव्या पायाची तीन बोटं गेली आणि ते चार महिने घरात बसले. त्या चार महिन्यांत आई होटगीजवळ खडी फोडायला जायची. बरोबर थोरल्या बहिणीला न्यायची. बहिणीची शाळा तेव्हा सुटली ती कायमचीच. माझी सुटली नाही, कारण खडीचा हातोडा मला उचलवत नव्हता. माझ्या शिक्षणाचं मूळ कारण हे आहे, उगाच मोठ्या गोष्टी कशाला सांगू?

आम्ही पाच भावंडं आणि आईवडील. खायला ज्वारीची भाकरी आणि कांदा. शेंगाचटणी ज्या दिवशी असेल त्या दिवशी सगळी जरा लवकरच जेवायला बसायची.

पाय बरा झाला, पण गँगमधलं काम आबांना जमणार नव्हतं. साहेबांनी सांगितलं की होटगीच्या अलीकडे एका फाटकावर माणूस हवा आहे, तिथे राहायला खोलीही आहे, पण आकडे वाचता आले पाहिजेत. आठ दिवसांनी परीक्षा. आबांना सहीसुद्धा येत नव्हती. ते "येत्यात की" म्हणाले, लंगडत घरी आले आणि माझ्यापुढे मांडी घालून बसले.

"बाय, आट दिसांत आकडं शिकीव."

"कोणते? मराठी का इंग्रजी?"

"रेल्वेचं."

म्हणजे इंग्रजी. मी पाटी घेतली. एकपासून पाचपर्यंत सरळ गेलं. सहा आणि नऊमध्ये मात्र आबा रोज अडकायचे. शेवटी मी सांगितलं, "सहाचं पोट खाली, नऊचं पोट वर." आईनं चुलीपुढून ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सहा जेवलेला आन् नऊ उपाशी." आबा हसले आणि त्यानंतर कधी चुकले नाहीत. परीक्षेत पास झाले. आमच्या घरात पास झालेला पहिला माणूस मी नाही, आबा आहेत.

फाटकाच्या खोलीत आम्ही सातजण कसे मावलो ते विचारू नका. गाडी गेली की भांडी वाजायची आणि धाकटा भाऊ झोपेतच गाडीचं नाव सांगायचा. पण महिन्याचा पगार नक्की झाला, बहिणीचा हातोडा सुटला आणि माझी शाळा चालू राहिली.

खोलीबाहेर भिंतीला हँडल फिरवायचा फोन होता. त्याच्याजवळ खिळ्याला एक छापील कागद अडकवलेला असायचा. त्यावर दोन-दोन आकड्यांचे नंबर, काही क्रम नसलेले. बेचाळीस, मग सतरा, मग नव्वद, असे. स्टेशनवरून घंटी वाजायची. स्टेशन मास्तर सांगायचे, अमकी गाडी सोडायची आहे, फाटक लाव. आबा बाहेर जाऊन दोन्ही बाजूंचे दांडे पाडायचे, कुलूप घालायचे, परत येऊन फोनवर कागदावरचा पुढचा नंबर सांगायचे आणि त्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारायचे. मास्तर तो नंबर आपल्या वहीत लिहायचे आणि मगच सिग्नल द्यायचे. नंबर मिळाला नाही तर गाडी जागची हलायची नाही.

मी पाचवी-सहावीत असताना विचारलं होतं, "आबा, रोज तोच नंबर का देत नाही? पाठ होईल, कागद बघावा लागणार नाही."

"म्हनूनच की. पाठ झाल्यालं मानूस झोपंत बी बोलतंय. कागद बगाय उटावं लागतंय, उटलो की फाटक दिसतंय."

"मग ओळीनं का नाही? एक, दोन, तीन?"

"ओळीनं दिलं तर फुडचा कुनाला बी कळंल. उद्या एकादा टवाळ फोन उचलून सांगंल नंबर. मग?"

एकदा आबांकडून एक नंबर सोडून त्याच्या पुढचा सांगितला गेला. फाटक नीट बंद होतं, गाडी अजून स्टेशनातच होती. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. आबांनी लगेच हँडल फिरवलं आणि म्हणाले, "मास्तर, चूक माजी झाली. मदला नंबर ऱ्हायला." गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. पलीकडून काय बोलणी बसली ते मला ऐकू आलं नाही, पण आबा फोन ठेवून मजेत विडी पेटवायला गेले. मी म्हटलं, "ओरडले ना?" तर म्हणाले, "वरडू दे. वरडतंय म्हंजे त्याला खरं कळलंय."

हे मी एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे कॉलेजात गणित शिकले, बी.एस्सी. झाले, होटगी ते सोलापूर गाडीच्या दारात उभं राहून चार वर्षं पुस्तकं वाचली, पण नोकरीत मला तारलं ते या कागदानं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरातल्या एका कापड गिरणीने कॉम्प्युटर घेतला. गिरणीचं नाव सांगत नाही. गणितातला पदवीधर ऑपरेटर पाहिजे अशी जाहिरात आली, मी अर्ज केला आणि मला घेतलं. सहा महिने उमेदवारी, काम जमलं तर कायम, नाही तर जावक विभागात टपालाची पाकिटं टाइप करायला. हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

कॉम्प्युटर म्हणजे लोखंडी कपाट. अगदी गोदरेजच्या कपाटाएवढं. फक्त दाराच्या जागी बारक्या दिव्यांची एक ओळ आणि खाली खटक्यांची एक ओळ. त्याच्यासाठी गिरणीतली पहिली थंड हवेची खोली बांधली. बाहेर चपला काढायच्या. उन्हाळ्यात दुपारी ज्यांचं काही काम नाही असे सगळे अधिकारी चपला काढून आत यायचे आणि कपाटाकडे गंभीरपणे बघत उभे राहायचे. आमच्या विभागाचे साहेब पुण्याहून आले होते. ते म्हणायचे, "सोलापुरात कॉम्प्युटरचा प्रसार फार लवकर होईल. मे महिन्यात तर नक्कीच."

साहेब मोकळे होते, शिकवायची हौस होती. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. आत मेमरी, म्हणजे हजारो खण. तिकीटखिडकीत तिकिटांचे खण असतात तसे, प्रत्येकाला क्रमांक, आणि प्रत्येक खणात एकच आकडा मावणार. एक भाग नुसता बेरीज-वजाबाकी आणि तुलना करणारा. बाकी सगळं बाहेरचं आत आणणारं आणि आतलं बाहेर देणारं. सकाळी चालू केलं की खणांतले कालचे आकडे जागेवर असायचे, पण त्याला स्वतःला काही करता यायचं नाही. मी खटके वर-खाली करून वीस आकडे हाताने खणांत भरायचे. ते वीस आकडे म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी कशी वाचायची एवढंच ज्ञान. मग पट्टी लावायची, ती वाचून कपाट मोठा प्रोग्राम आत घ्यायचं आणि मग कुठे कामाला लागायचं.

हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हंजे रोज उटून आदी सोताचं नाव इचारतंय व्हय गं?"

खरंच तसंच होतं.

पट्टीवरून येणारा तो मोठा प्रोग्राम सतत चालू असायचा. कुणाचं आधी ऐकायचं, कुणाला थांबवायचं, छापायचं यंत्र कुणाला द्यायचं, हे तो ठरवायचा. आबांना एका वाक्यात कळलं. "स्टेशन मास्तर हाय त्यो." मी पुढे कितीतरी जाड पुस्तकं वाचली, पण ऑपरेटिंग सिस्टिमची याच्यापेक्षा सोपी व्याख्या मला मिळाली नाही.

आमच्या कपाटाचं मुख्य काम सुताच्या साठ्याचं. सुताचं गोडाऊन मालधक्क्याच्या बाजूला, ऑफिसपासून अर्धा मैल. तिथे एक टेलिप्रिंटर, म्हणजे इकडे टाइप केलेलं तिकडे छापणारं यंत्र, आमच्या खोलीत कपाटाला जोडलेला तसाच दुसरा, आणि मधे केबल. कुठल्या नंबरच्या, म्हणजे जाडीच्या, सुताच्या किती गाठी विणकाम खात्याला सोडल्या ते गोडाऊनचे कारकून टेलिप्रिंटरवर पाठवायचे, कपाट साठ्यातून वजा करायचं आणि उरलेला आकडा परत छापून पाठवायचं. रोज दुपारी साठ्याचा कागद विव्हिंग मास्तरांकडे, म्हणजे विणकाम खात्याच्या प्रमुखांकडे जायचा. कुठल्या मागावर काय चढवायचं ते मास्तर त्यावरून ठरवायचे.

गोडाऊनच्या कारकुनांना सगळे काका म्हणायचे. घरी तेलुगू, गिरणीत मराठी, हमालांशी दखनी उर्दू, आणि टेलिप्रिंटरवर भांडण. मला ते अम्मा म्हणायचे, मी तेवीस वर्षांची असून. कपाटाने त्यांचं ऐकावं म्हणून साहेबांनी एक गुप्त शब्द ठेवला होता. तो टाइप केला तरच पुढचं चालायचं. काकांनी तो पहिल्याच दिवशी गोडाऊनच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "अम्मा, मी आजारी पडलो तर गिरणी बंद ठेवायची का?" शब्द म्हणजे एका देवाचं नाव होतं, त्यामुळे हमाल येता-जाता त्याला हात जोडायचे.

पाच महिने होत आले तेव्हा आबा एकदा सुट्टी काढून मला भेटायला आले. सदरा स्वच्छ धुतलेला, डोक्याला टोपी. साहेबांनी आनंदाने आत घेतलं. तेवढ्यात काकांचा संदेश आला, टेलिप्रिंटर खडखडला, दिवे लुकलुकले, आणि साहेब अभिमानाने म्हणाले, "बघा, तिकडे काकांनी सांगितलं, इकडे साठ्यातून गेलंसुद्धा."

आबा टेलिप्रिंटरच्या कागदावर वाकले. मग म्हणाले, "आन् नंबर?"

"कसला नंबर?"

"सायेब, नंबर न घेता गाडी सोडता व्हय तुमी?"

साहेब हसले. मीही हसले, हे कबूल करते. मला जरा लाजच वाटली. मी आबांना चहा पाजला आणि गाडीला बसवून दिलं.

त्यानंतर पंधरवड्यात ते झालं. एक दिवस दुपारी दार धाडकन उघडलं आणि विव्हिंग मास्तर आत आले, चपला घालून. थंड खोलीत चपला घालून आलेला पहिला माणूस. हातात साठ्याचा कागद.

"हे कपाट म्हणतंय वीस नंबरचं सूत संपलं!"

साहेब उठले. "मग संपलं असेल."

"संपलं? अहो, त्याच गाठींवर बसून आत्ता चहा पिऊन आलो मी! कपाटाचा कालचा कागद बघून सकाळी तीस मागांवरचा ताणा बदलला. तीस माग! आता परत बदलायचा. कोण चालवतं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोलीत दुसरं होतं कोण?

"पोरगी चांगली असेल," मास्तर म्हणाले, "पण सूत हाताने मोजायचं असतं, बोटांनी खटके दाबून नाही." आणि ते सरळ मॅनेजरकडे गेले.

संध्याकाळच्या आत निर्णय आला. पंधरा दिवस. त्यात चूक सापडून दुरुस्त झाली नाही तर साठ्याचं काम कपाटाकडून काढून घेणार, आणि साठ्याचं काम नसेल तर ऑपरेटरही नको. माझे सहा महिने भरायला तेव्हा तीनच आठवडे होते. म्हणजे पाकिटं.

मी टेलिप्रिंटरचा कागदी रोल काढला आणि कालपासूनचा उलगडून फरशीवर पसरला. चूक सापडायला अर्धा तास लागला. एकच संदेश, वीस नंबरचं सूत, चाळीस गाठी, तीनदा आला होता. कपाटाने तीनदा चाळीस वजा केले. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

मी गोडाऊनमध्ये गेले. काकांनी काहीच लपवलं नाही. "पट्टी लावली, पाठवलं. उत्तर आलं नाही. परत पाठवलं. परत आलं नाही. तिसऱ्यांदा आलं. अम्मा, फोनवर समोरचा बोलला नाही तर आपण परत हॅलो म्हणतो की नाही?"

म्हणतो. बरोबर होतं त्यांचं. केबलचा एक स्क्रू सैल झाला होता, इकडून जाणारं जात होतं, तिकडून येणारं उत्तर मधेच गळत होतं. साहेब म्हणाले, "काकांना सांगू, एकदाच पाठवत जा." मी म्हटलं, "आणि खरंच पोचलं नसलं तर? मग गाठी जातील आणि कपाट म्हणेल आहेत." दोनदा पाठवलं तर चूक, एकदाच पाठवलं तर भरवसा नाही. तिथे आम्ही दोघे बसून राहिलो.

गाडीने घरी जाताना फाटक आलं. आबा बाहेर हिरवं निशाण धरून उभे होते. मला डब्यातून ते दिसले, त्यांच्यामागे भिंतीवरचा फोन दिसला, आणि खिळ्याचा कागद. मी होटगीला उतरले आणि जवळजवळ पळत मागे आले.

"आबा, तो नंबर काय म्हणत होता तुम्ही?"

"कवा?"

"साहेबांपुढे. आम्ही हसलो तेव्हा."

"मंग आता रडाय आलीस व्हय?" आई आतून म्हणाली.

रविवारी सगळं घर कामाला लागलं. प्रत्येक संदेशाला एक नंबर असणार. काका तोच संदेश दहादा पाठवू देत, नंबर तोच राहील. कपाट पहिल्यांदा वजा करेल आणि नंतर म्हणेल, हे झालं आहे. एवढंच. पण नंबर ओळीने नकोत, हे आबांनी परत बजावलं. गोडाऊनच्या दारावरच्या शब्दाची गोष्ट त्यांनी ऐकली होती. "किल्ली कुलपालाच टांगलीया तुमी. निदान नंबर तरी झाकून ठिवा."

आईने चिंचोक्यांची पिशवी काढली. दहापासून नव्याण्णवपर्यंत नव्वद आकडे होतात. नव्वद चिंचोक्यांवर मी चुन्याने आकडे लिहिले. ते घागरीत टाकले. आबा डोळे मिटून एकेक काढायचे, सहा आणि नऊ नीट बघून मोठ्याने वाचायचे, आणि मी कार्बन घालून दोन प्रती लिहायचे. एक काकांची, एक कपाटासाठी पट्टीवर भोकं पाडून चढवायची. आठवड्याला एक पान. मधे दोनदा घंटी वाजली. दोन्ही वेळा आबा चिंचोका जागेवर ठेवून उठले, फाटक लावलं, नंबर दिला, आणि परत येऊन बसले. धाकटा भाऊ म्हणाला, "आबा दोन दोन ठिकाणी नंबर द्यायलेत." तिसऱ्या पानाला आई म्हणाली की आता चिंचोके परत मिळाले पाहिजेत, तिला ते भाजायचे आहेत. मी म्हटलं, ही गिरणीची मालमत्ता आहे.

प्रोग्राम साहेबांनी मला लिहू दिला. माझा पहिला. कपाटात नव्वद मोकळे खण शोधायला दोन दिवस गेले, मेमरी भरत आलेली होती. नवा नंबर पानावरच्या क्रमानेच घ्यायचा, आणि वापरला की त्याचा खण शून्य करायचा, असं मी लिहिलं होतं. आबांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "पुसायचं न्हाय. खोडायचं. खोडल्यालं वाचता आलं पायजे. उद्या सायेब तपासाय आला तर काय दावशील?" मी विचार केला. शून्य केलं तर वापरलेला नंबर आणि कधी नसलेला नंबर यांतला फरकच कपाटाला कळणार नव्हता. मग खणातला आकडा तसाच ठेवून त्याला वजाचं चिन्ह द्यायचं ठरवलं. आबांच्या पेन्सिलीची आडवी रेघ ती हीच.

चौदाव्या दिवशी परीक्षा. खोलीत मॅनेजर, विव्हिंग मास्तर, साहेब आणि मी. मास्तरांनी या वेळी चपला काढल्या होत्या, पण दारातच, पटकन घालता येतील अशा. फोनवरून काकांना सांगितलं, पाठवा. टेलिप्रिंटर खडखडला. काकांच्या पानावरचा पहिला नंबर होता छत्तीस. दिवे लुकलुकले. आणि उत्तर छापलं गेलं, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. त्याचा अर्थ, हा नंबर वापरलेला आहे, काम झालेलं आहे.

मग मास्तर हसले. "वा! आधी तीनदा घ्यायचं, आता एकदासुद्धा घेत नाही. सुधारणा आहे."

माझ्या तळव्यांना घाम आला. त्या खोलीत कुणाला घाम आलेला मी तोवर पाहिला नव्हता. साहेब माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "केबल म्हणा. परवाच स्क्रू सैल होता, कुणालाही पटेल."

मी रोलकडे बघितलं आणि मला आठवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी प्रोग्राम तपासून बघितला होता. त्याच पानावरचा पहिला नंबर घातला होता, छत्तीस. काम नीट झालं म्हणून आनंदात साठ्याचा आकडा मी परत जागेवर आणला, पण नंबरांची पट्टी नव्याने भरायची राहिली. खणातला छत्तीस खोडलेलाच होता.

"केबल चांगली आहे," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच बोलले गेले. "कपाटही बरोबर आहे. चूक माझी आहे. काल तपासताना मी हा नंबर वापरला आणि पट्टी परत भरली नाही. दोन मिनिटं द्या किंवा काकांना पुढचा नंबर पाठवायला सांगा."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मॅनेजर फोनवर म्हणाले, "पुढचा."

पुढचा होता एकाऐंशी. गेला. चाळीस गाठी वजा, उरलेला आकडा छापून परत. "परत पाठवा," मॅनेजर म्हणाले. तोच संदेश, तोच नंबर. उत्तर आलं, झालेलं आहे. परत. झालेलं आहे. काकांना आता मजा वाटायला लागली असावी, कारण न सांगता त्यांनी आणखी दोनदा पाठवलं. साठा जागचा हलला नाही.

मास्तर चपला घालून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, रागावले. वीस मिनिटांनी टेलिप्रिंटर वाजला. दारावरचा गुप्त शब्द बरोबर, सूत बरोबर, गाठी शंभर, नंबर पन्नास. पानावर पन्नास होता, पण त्याची पाळी आलेली नव्हती. कपाटाने नाकारलं. मग दुसरा आला, मग तिसरा. तीनही नाकारले. नंतर फोन वाजला आणि काकांचा आवाज आला, "अम्मा, मास्तर इथे बसून टाइप करतायत. मला पान दाखव म्हणाले. मी खिशातून काढलं नाही. बरोबर केलं ना?"

मी म्हटलं, "काका, अगदी बरोबर."

मास्तर परत आले तेव्हा घाम पुसत होते. या वेळी चपला नीट कडेला लावल्या. मॅनेजरांनी विचारलं, "काय म्हणता?"

"मला आत घेतलं नाही, ठीक आहे. मी नवीन माणूस," मास्तर म्हणाले. माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाले, "पण हिनं स्वतः बनवलं, आणि त्यानं हिलासुद्धा सोडलं नाही. हिनं ते आमच्यापुढे सांगितलं. माझ्या खात्यात मागांवर देखरेख करायला असा जॉबर मला दहा वर्षांत मिळाला नाही. उद्यापासून मी कागद बघून माग लावतो." मग थांबून म्हणाले, "महिनाभर गाठीही मोजणार मी. राग मानू नका."

मी म्हटलं, "मोजाच. आमच्या आबांचे साहेबही तपासायला येतात."

"आबा कोण?"

"गेटमन आहेत. होटगीकडच्या फाटकावर."

मॅनेजर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "ही पद्धत त्यांची?"

"हो," मी म्हणाले. "प्रोग्राम माझा."

महिनाभर मास्तरांनी खरंच गाठी मोजल्या. एकदाही फरक आला नाही. काकांनी दारावरचा खडूचा शब्द पुसायला मात्र नकार दिला, हमालांना सवय झाली होती म्हणाले. शेवटी साहेबांनी शब्दच बदलला आणि जुना देवाला ठेवला. चिंचोके गिरणीत दोन वर्षं चालले. मग साहेबांनी कपाटालाच क्रम नसलेले आकडे काढायला शिकवलं, आणि आईने तिचे चिंचोके परत मागून घेतले.

सहा महिने भरले त्या दिवशी मला कागद मिळाला. मी तो फाटकावर नेला. आबांनी हात धुतले, पुसले आणि कागद धरला. अक्षरं त्यांना येत नव्हती. त्यांनी वरचा जावक क्रमांक वाचला, एकेक आकडा, मोठ्याने, आणि म्हणाले, "बराबर हाय." मग आत बघून ओरडले, "ऐकलंस का? नंबर आला पोरीचा."

त्या कागदात लिहिलं होतं की मला कॉम्प्युटर विभागात ऑपरेटर म्हणून कायम करण्यात आलं आहे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि आमच्या घरातल्या बाईला मिळालेली पहिली कायम नोकरीही माझीच.